अंधार परवडला

परवा चिपळूणहून भाचीचा फोन आला. नेहमीची चौकशी झाली, काकांच्या गुडघ्यांची झाली, फणस किती लागले तेही झालं. मग म्हणाली, "मावशी, तुझ्याकडे इन्व्हर्टर कोणता आहे गं? तोच घेते मी. म्हणजे फार विचार करायला नको."

मला आधी हसू आलं. मग पुढचं ऐकलं आणि हसू गेलं. तिच्या सासूबाईंना दवाखान्यातून घरी आणलंय आणि रात्रभर ऑक्सिजनचं मशीन लावावं लागणार आहे. तेच ते, हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं. वीज गेली की मशीन बंद. २२ जुलै २०२१ च्या पुरात तिचा तळमजल्यावरचा इन्व्हर्टर बॅटरीसकट बुडाला होता. त्यानंतर एवढी वर्षं चार्जिंगच्या दिव्यांवर भागलं. आता भागणार नाही.

मी तिला म्हटलं, "माझा घेऊ नकोस. माझ्या चुका घे."

मंडळी, मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. विजेतलं मला काही कळतं असा माझा दावा नाही. पण या एका विषयात माझ्याकडून इतक्या चुका झाल्यात की शिकवण्याइतकं ज्ञान साठलंय. त्यातली शेवटची चूक मी आजवर घराबाहेर कुणाला सांगितली नव्हती. फोनवर भाचीला सांगितली. आता सगळ्यांनाच सांगून टाकते.

पहिली चूक २००६ सालची. भारनियमनाचे दिवस आठवत असतील सगळ्यांना. दिवसातून किती तास वीज असते यापेक्षा किती तास नसते हे पाठ असायचं. दहावीचे पेपर तपासायला घेतले की दिवे जाणार हे ठरलेलं. शेवटी कंटाळून आम्ही दापोलीच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, "खोल्या किती?" मी म्हटलं, "पाच." तो म्हणाला, "मग हा घ्या." आणि आम्ही घेतला! चप्पल घेताना माणूस पायाचं माप तरी देतो. आम्ही तेही दिलं नाही.

खोल्यांवरून इन्व्हर्टर ठरत नाही. अंधारात आपल्याला नेमकं काय काय चालू लागणार आहे, यावरून ठरतो. हे गणित पाचवीतल्या मुलालाही येईल. कागद घ्यायचा आणि एकेका वस्तूपुढे तिचे वॅट लिहायचे. एलईडी बल्ब ९ वॅट. छताचा जुना पंखा ७० ते ७५. हल्ली मिळणारा कमी विजेचा, बीएलडीसी म्हणतात तो, २८ ते ३०. मिक्सर ५०० च्या वर, इस्त्री हजार, गिझर दोन हजार. ही शेवटची तीन मंडळी इन्व्हर्टरच्या वाटेला जाऊच द्यायची नाहीत. फ्रिज चालताना फार खात नाही, पण सुरू होताना कितीतरी पट घास एकदम मागतो. विहिरीवरच्या पंपाचंही तसंच.

भाचीला फोनवरच कागद घ्यायला लावला. ऑक्सिजनचं मशीन, मिनिटाला पाच लिटर देणारं, साधारण ३५० वॅट. तरी मशीनवर लिहिलेला आकडा स्वतः वाच म्हटलं. पंखा ३०. दोन दिवे १८. बेरीज ३९८, म्हणजे धरू या ४००. दुकानात मात्र वॅट नाही, व्हीए सांगतात, आणि मोठा आकडा ऐकून आपण खूश होतो. व्हीएला ०.७ ने गुणलं तर किती वॅट झेपतील त्याचा अंदाज येतो. तिला हजारच्या आसपासचा लागणार.

आता हे झालं, किती ओझं उचलेल त्याचं गणित. किती वेळ उचलेल, ते बॅटरी ठरवते. १२ व्होल्टची, १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १२ गुणिले १५०, म्हणजे १८०० वॅट-तास. १८०० भागिले ४०० म्हणजे साडेचार तास, असं भाचीने चटकन उत्तर दिलं. चूक! शाळेत असती तर लाल पेनाने गोल केला असता. काही वीज इन्व्हर्टरच खातो, आणि अ‍ॅसिडची बॅटरी तळापर्यंत रिकामी करायची नसते, तिचं आयुष्य घटतं. हातात येतात ते हजार-बाराशे. म्हणजे अडीच ते तीन तास. बॅटरी जुनी झाली की त्याहून कमी.

"मग गं?" भाचीचा आवाज बारीक झाला.

मग दोन बॅटऱ्यांवर चालणारा, म्हणजे २४ व्होल्टचा, मोठा इन्व्हर्टर घ्यायचा. आणि तरीही भरलेलं ऑक्सिजन सिलिंडर घरात उभं हवं. ते कसं लावायचं हे घरातल्या दोघांना तरी यायला हवं, डॉक्टरांना विचारून. इन्व्हर्टर आपल्याला वेळ मिळवून देतो, एवढंच त्याचं काम. त्या वेळात पुढची सोय करायची असते.

आणखी एक. आमचा २००६ चा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह जातीचा, म्हणजे जरा ओबडधोबड वीज देणारा होता. वीज गेली की पंखा भुंग्यासारखा गुणगुणायचा. हे म्हणायचे, "बाई, तुझा पंखा श्लोक म्हणतोय." पंख्याचं ठीक आहे हो, पण औषधोपचाराच्या मशीनला असली वीज देऊ नये. त्याला शुद्ध साइन वेव्हचाच इन्व्हर्टर हवा.

दुसरी चूक ऐकाल तर आमच्या घरची बाई शिकलेली होती का, अशी शंका येईल. बॅटरी ठेवायला आम्ही सगळ्यात सुरक्षित जागा निवडली. देवघराखालचं कपाट! वर सकाळ-संध्याकाळ समई, निरांजन, धूप. खाली बंद कपाटात बॅटरी. वर्षभर असं चाललं. एकदा पंखा दुरुस्त करायला आलेल्या वायरमनने कपाट उघडलं आणि वरच्या समईकडे बघून हातच जोडले. मला वाटलं देवाला जोडले.

चार्ज होताना अ‍ॅसिडच्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद जागेत साठून हवेत चार टक्क्यांवर गेला की ठिणगी पुरते. म्हणून बॅटरीची जागा उघड्या हवेची हवी. देवघराजवळ नको, गॅसच्या शेगडीजवळ नको, झोपायच्या खोलीत नको. चिपळूणकरांनी तर ती उंचावर ठेवावी. घरात पाणी शिरायची चिन्हं दिसली, की पाणी यायच्या आतच इन्व्हर्टर बंद करून जोडण्या सोडवाव्यात. बाहेरची वीज गेली म्हणून आपण निर्धास्त पाण्यात उतरतो, पण इन्व्हर्टर तेव्हाच तर चालू झालेला असतो! बुडालेला इन्व्हर्टर वाळवून लगेच लावून बघू नये, हेही सांगून ठेवते.

भाचीला याच ओघात आणखी एक सांगितलं. सासूबाईंच्या खोलीत ऑक्सिजन चालू असताना मेणबत्ती, निरांजन, उदबत्ती, विडी काही नको. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्याला भलताच जोर देतो. वीज गेली की आपला हात सवयीने काडेपेटीकडे जातो. त्या खोलीतली काडेपेटी आजच उचल म्हटलं.

तिसरी चूक पाण्याची. बॅटरीत दर दोन-तीन महिन्यांनी पाणी बघावं लागतं. आमच्या विहिरीचं पाणी गोड, सगळ्या वाडीत नाव आहे. मी मोठ्या कौतुकाने तेच घातलं. बॅटरी दीड वर्षात गेली. पाणी माणसाला गोड लागलं तरी त्यात क्षार असतातच, आणि ते बॅटरीच्या मुळावर येतात. डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, तेही खुणेपर्यंतच. अ‍ॅसिड आपण कधीच घालायचं नाही. बायकांनी हातातल्या पाटल्या-बांगड्या काढून मगच हात घालावा. सोन्याची पाटली दोन्ही टोकांना एकदम टेकली तर क्षणात लाल होऊन मनगट भाजेल. डोळ्यांवर चष्मा हवा. सांडलंच तर खाण्याचा सोडा टाकून भरपूर पाण्याने धुवावं, आणि डोळ्यात उडालं तर बराच वेळ नुसतं पाणी मारत राहून थेट डॉक्टर.

हल्ली लिथियमच्या बॅटऱ्या आल्यात. पाणी नको, वजन कमी, आयुष्य जास्त, किंमतही जास्त. मात्र तिच्या जोडीचाच इन्व्हर्टर लागतो, जुन्याला जोडून चालत नाही. अ‍ॅसिडचीच घ्यायची तर ट्युब्युलर घ्यावी, जास्त टिकते. पुतण्याने २०२४ साली पंतप्रधान सूर्यघर योजनेतून छतावर सोलर बसवलं. तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळालं. पहिल्यांदा वीज गेली तेव्हा मोठ्या ऐटीत पंख्याखाली बसला, आणि पंखा बंद! बाहेरच्या तारेशी जोडलेलं साधं सोलर वीज गेली की आपोआप बंद पडतं, तसंच केलेलं असतं. वीज गेल्यावरही हवं असेल तर बॅटरीवाली वेगळी व्यवस्था लागते. तो आठ दिवस आमच्याशी बोलत नव्हता.

आता चौथी चूक. इथपर्यंत हसत हसत आले.

३ जून २०२०. निसर्ग वादळ. आमचं गाव दापोली तालुक्यात, समुद्राकाठी. त्या दुपारी माडाच्या झावळ्या नव्हे, अख्खे माड उडताना बघितले. सुपारीची बाग काडेपेटीतल्या काड्या सांडाव्यात तशी पडली. मागच्या पडवीची कौलं सगळी गेली. संध्याकाळी वारा थांबला, तेव्हा गावात एक खांब सरळ उभा नव्हता. इन्व्हर्टर त्या रात्री पुरला. दुसऱ्या दिवशी तोही निजला. तो वीज बनवत नाही, साठवलेली देतो, हे तेव्हा खरं कळलं. आणि वीज यायला काही आठवडे लागणार होते.

लॉकडाऊनमुळे मुलगा, सून आणि आठ वर्षांची नात मार्चपासून आमच्याकडेच होती. मुलाने खटपट करून एक लहान पेट्रोलचा जनरेटर भाड्याने आणला. संध्याकाळी दोन तास लावायचा. टाकीत पाणी चढवायचं, फ्रिज जरा गार करायचा, अख्ख्या वाडीचे मोबाईल चार्ज करायचे. सगळे खळ्यात जमायचे. खरं सांगते, त्या अंधारात त्या मशीनचा आवाजसुद्धा गोड वाटायचा.

चौथ्या की पाचव्या दिवशी संध्याकाळी पावसाने झोडपायला सुरुवात केली. मशीन खळ्यात भिजत होतं. मुलगा म्हणाला, "आई, आज राहू दे." मी म्हटलं, "राहू दे काय? टाकीत पाणी नाही. मागच्या पडवीत घे ना आत."

हे वाक्य माझं. दुसऱ्या कुणाचं नाही.

पडवीवर कौलं नव्हती, म्हणून आम्ही वरून आणि तिन्ही बाजूंनी ताडपत्री घट्ट बांधलेली. वायर आत घ्यायची म्हणून पडवीचं माजघरात उघडणारं दार अर्धवट लोटलेलं. पावसाची झड येते म्हणून बाकीच्या खिडक्या बंद. म्हणजे धुराला जायला वाट एकच, आमचं माजघर.

धूर म्हणते, पण दिसण्यासारखा धूर नव्हताच. पेट्रोलचा थोडा वास येत होता, तो रोज यायचा. अर्ध्या-पाऊण तासाने नात म्हणाली, "आजी, डोकं दुखतंय." मग तिला उलटी झाली. मी म्हटलं, आंबे फार खाल्लेस, बाधले. सुनेचंही डोकं चढलेलं. हे माजघरातल्या खाटेवर पडले होते. मी हाक मारली तर "हं" म्हणाले आणि परत डोळे मिटले. मला वाटलं, दमलेत. माझेही पाय जड झाले होते. मी आल्याचा चहा टाकायला उठले आणि भिंतीला धरून उभी राहिले.

तेवढ्यात शेजारचा मोबाईल न्यायला आला. हर्णैच्या बोटीवर जाणारा. सातवीपर्यंत माझ्याच वर्गात होता, पुढे शाळा सोडली. मी त्याला वर्गात किती वेळा उभं केलं असेल, गणती नाही. तो दारातच थांबला. कान देऊन ऐकलं, आणि ओरडला, "बाई, मशीन घरात हाय?"

पुढचं सगळं पाच मिनिटांत झालं. त्याने मागे जाऊन ताडपत्री टराटरा फाडली. मुलाने मशीन बंद केलं. खिडक्या-दारं उघडली. ह्यांना दोघांनी उचलून भर पावसात खळ्यात आणून बसवलं. आम्ही सगळी पावसात भिजत बसलो होतो आणि तो एकेकाच्या तोंडाकडे बॅटरीच्या उजेडात बघत होता. म्हणाला, "बोटीवर इंजिनाच्या खोलीत दार लावून कुणाला झोपू देत नाय आम्ही. झोपलेला उठत नाय."

त्याच रात्री गाडी करून दापोलीला डॉक्टरांकडे गेलो. ह्यांना आणि नातीला काही तास ऑक्सिजन द्यावा लागला. डॉक्टरांनी सांगितलं, तो कार्बन मोनॉक्साइड. रंग नाही, वास नाही. रक्तात ऑक्सिजनची जागा बळकावतो, कारण रक्ताला त्याची ओढ ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि सगळ्या घराला एकदमच येते, म्हणून जागं करायला कुणी उरत नाही. घरातल्या सगळ्यांचं एकाच वेळी डोकं दुखू लागलं तर आंब्याला दोष द्यायचा नाही, बाहेर पळायचं.

तेव्हा जनरेटर घरात नाही, पडवीत नाही, जिन्याखाली नाही, बंद गाळ्यात नाही. दारं-खिडक्यांपासून निदान वीस फूट लांब, धुराचं तोंड घराकडे नको. पाऊस असेल तर त्याच्यावर चारी बाजूंनी मोकळं छप्पर करावं, आणि तेही जमत नसेल तर त्या दिवशी अंधारात बसावं. पेट्रोल भरायचं ते बंद करून, पूर्ण गार झाल्यावरच. या वायूचा इशारा देणारा लहान गजर मिळतो, बॅटरीवर चालणारा. आम्ही घेतलाय.

आणखी एक राहिलं. आठवड्याने वीज जोडायला बाहेरगावची पोरं आली. त्यातला एक, जेमतेम पंचविशीचा, विदर्भातला, पाणी मागायला ओटीवर आला. त्याची नजर भिंतीवर लोंबणाऱ्या वायरीकडे गेली. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर. एक टोक जनरेटरला, दुसरं भिंतीतल्या सॉकेटला, की सगळ्या घरात वीज. मुलाच्या डोक्यातली युक्ती. तो पोरगा पाणी न पिताच म्हणाला, "आजी, हे असं करू नका. तुमची वीज उलटी तारेवर जाते. ट्रान्सफॉर्मरमधून उलटी गेली की हजारो व्होल्ट होते. आम्ही लाईन बंद आहे समजून वर असतो."

मी त्याच्या हातांकडे बघितलं. नातवासारखा पोरगा. घरातल्यांना तर मी मारतच होते, परक्याच्या पोरालाही तयारी करून ठेवली होती. ती वायर मी विळीवर धरून कापली. मग रीतसर वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घेतला. तो एका वेळी एकच वाट उघडी ठेवतो, एक तर बाहेरची वीज, नाही तर आपली. फार मोठा खर्च नसतो त्याचा.

हे सगळं सांगून झाल्यावर भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मावशी, एवढं झालं आणि तू सांगितलं नाहीस?"

काय सांगणार? वादळातून वाचलेल्यांची चौकशी करायला सगळ्यांचे फोन येत होते. "सगळी सुखरूप आहोत," असं मी सांगत होते. वादळाने आम्हाला काही केलं नव्हतं, मी केलं होतं, हे कसं सांगायचं? शिवाय बाई होते ना मी गावाची. चूक दुसऱ्याची दाखवायची सवय.

भाचीने कागद पूर्ण केला. साइन वेव्ह, दोन ट्युब्युलर बॅटऱ्या, वरच्या मजल्यावरच्या हवेशीर गॅलरीत, पावसाची झड लागणार नाही अशा कोपऱ्यात. मशीनला जाणारी लाईन स्वतंत्र, त्यावर दुसरं काही नाही. भरलेलं सिलिंडर. काडेपेटी खोलीबाहेर. दर महिन्याला एकदा मेन स्विच मुद्दाम बंद करून मशीन खरंच किती वेळ चालतं ते घड्याळ लावून बघायचं, सिलिंडर हाताशी ठेवून. जनरेटर नको म्हणाली. मी आग्रह केला नाही.

आमच्याकडे आता एक साधा इन्व्हर्टर आहे. चार दिवे आणि दोन पंखे, बस. तो थकला की थकला. मग आम्ही दोघं ओटीवर येऊन बसतो. समोरचे माड २०२० नंतर लावलेले, अजून लहान आहेत, त्यामुळे समुद्र जास्त दिसतो. हे विचारतात, "दिवे कधी येणार?" मी म्हणते, "येतील. घाई काय आहे?"

शेजारचा कधी बोटीवरून उतरला की हाक मारून जातो, "बाई, खिडक्या उघड्या हायत ना?"

असतात हो. सगळ्या असतात.

असो. फार लांबलं. कागद-पेन्सिल घ्या आणि आपापल्या घरच्या वॅटांची बेरीज करा. नंतर उठून एकदा बॅटरी कुठे ठेवलीय तेही बघून या.